छत्रपती संभाजीनगरमधील निवास व भोजनस्थळांच्या प्रवासमार्गदर्शिकांतील नोंदी

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराविषयीच्या छापील व आंतरजालीय प्रवासमार्गदर्शिकांमध्ये हॉटेले, लॉज, खानावळी, उपाहारगृहे इत्यादींची जी संक्षिप्त माहिती दिलेली असते, तिला नोंद असे म्हणतात. आस्थापनेचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, वेळ, दर आणि दोन-तीन वाक्यांचे वर्णन हे नोंदीचे नेहमीचे घटक होत. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांचा समावेश १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला, आणि राज्य शासनाने पुढे या शहराला महाराष्ट्राची पर्यटन राजधानी म्हणून घोषित केले. येथे येणारे पुष्कळ प्रवासी एक किंवा दोन रात्रींसाठीच येतात. मुंबईहून रात्री निघणारी देवगिरी एक्सप्रेस येथे पहाटेच्या अंधारात पोहोचते. त्या वेळी लेकरा-बाळांसह फलाटावर उतरलेल्या कुटुंबाच्या हाती विचारपूस करण्यासाठी माणूस नसतो, असते ती केवळ नोंद. ती खरी असेल तर अर्ध्या तासात खोली मिळते. ती जुनी किंवा खोटी असेल तर बंद पडलेला क्रमांक, कुलूप लावलेले दार आणि रिक्षावाला नेईल तेथे जाण्याची वेळ येते.

नोंद हे एका विशिष्ट दिवशी केलेले विधान असते. हॉटेलाची मालकी, दर, स्वयंपाकी, अगदी नावसुद्धा बदलत असल्यामुळे लेण्यांच्या वर्णनाप्रमाणे ते वर्षानुवर्षे टिकत नाही. म्हणून नोंदीची विश्वासार्हता तिच्या भाषेवर वा सजावटीवर अवलंबून नसून ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे तपासली यावर अवलंबून असते.

नावांचा गुंता

नावबदल या शहराला नवा नाही. मलिक अंबराने वसवलेले खडकी पुढे फत्तेनगर झाले आणि त्यानंतर औरंगाबाद. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारच्या मान्यतेनंतर शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा व विभाग यांच्या नावांतील बदलाची अधिसूचना निघाली. रेल्वेस्थानकाचे नाव मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले आणि त्याचे जुने संकेताक्षर ‘एडब्ल्यूबी’ जाऊन ‘सीपीएसएन’ हे नवे आले. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ शहराचे नाव एक आणि तिकिटावरील स्थानकाचे नाव दुसरे अशी स्थिती होती. विमानतळाचे ‘आयएक्सयू’ हे संकेताक्षर तर शहराच्या जुन्या वा नव्या कोणत्याच नावावरून ओळखता येणारे नाही.

नोंदी ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला की एकाच आस्थापनेच्या दोन नोंदी तयार होऊ लागल्या, एक जुन्या नावाखाली व दुसरी नव्या. त्यांपैकी एकीतील दर किंवा क्रमांक सुधारला तरी दुसरी तशीच राहते. शिवाय बिहारमध्ये औरंगाबाद नावाचे जिल्ह्याचे ठिकाण आहे. केवळ ‘औरंगाबाद’ असा शोध घेणाऱ्यास तेथील लॉज दिसू शकतो. दुसऱ्या बाजूस ‘संभाजीनगर’ असा आखूड शोध घेणाऱ्यास चिंचवड किंवा कोल्हापूर येथील त्या नावाच्या वसाहती सापडतात. त्यामुळे नोंदीत शहराचे पूर्ण अधिकृत नाव, कंसात पूर्वीचे नाव आणि राज्याचे नाव ही तिन्ही देणे आवश्यक ठरते. येथे प्रश्न राजकीय मताचा नाही. परदेशी प्रवाशाच्या जुन्या पुस्तकात एक नाव असते आणि बसच्या पाटीवर दुसरे, ही दोन्ही एकाच गावाची आहेत हे त्याला कळले पाहिजे.

आस्थापनांच्या नावांतही घोटाळे आहेत. अजिंठा, वेरूळ, कैलास, देवगिरी ही नावे हॉटेलांना देण्याची हौस येथे मोठी आहे. ‘अजिंठा’ नावाचे हॉटेल अजिंठ्याला असेलच असे नाही. शहरापासून अजिंठा लेणी सुमारे १०० किलोमीटर, तर वेरूळ सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. त्यातही अजिंठा हे गाव आणि अजिंठा लेणी या दोन जागा वेगळ्या असून लेण्यांना जवळचे मुक्कामाचे ठिकाण फर्दापूर हे होय. ‘लेण्यांच्या सान्निध्यात’ असे शब्द नोंदीत आढळल्यास तेथे किलोमीटरचा आकडा घालणे हा संपादनाचा पहिला संस्कार मानावा लागतो. वेरूळ व एलोरा, अजिंठा व अजंता अशी दुहेरी लेखनेही शोधाच्या सोयीसाठी नमूद करावी लागतात.

काही वेळा उलटेही घडते, म्हणजे हॉटेलाचे नाव जागेला चिकटते. जालना रस्त्यावरील अमरप्रीत चौक हे त्याचे परिचित उदाहरण आहे. त्याच रस्त्यावरील एका चौकाचे अधिकृत नाव महावीर चौक असले तरी रिक्षावाल्यांच्या तोंडी तो अद्याप ‘बाबा पेट्रोल पंप’ असतो. त्यामुळे नोंदीतील पत्ता महापालिकेच्या दप्तरातल्या नावाने आणि लोकांच्या तोंडच्या खुणेने अशा दोन्ही रीतींनी द्यावा लागतो. केवळ पहिला दिला तर पोस्टमनला कळेल. पाहुणा मात्र अडेल.

‘हॉटेल’ या शब्दाचे अर्थ

मराठी बोलीत ‘हॉटेल’ म्हणजे बहुधा चहा-फराळाची किंवा जेवणाची जागा. तेथे राहण्याची सोय असतेच असे नाही. मुक्कामाच्या जागेस ‘लॉज’ किंवा ‘लॉजिंग-बोर्डिंग’ म्हणण्याची रीत आहे. परभाषक प्रवासी मात्र ‘हॉटेल’ ही पाटी पाहून सामानासह आत शिरतो. यादीचे वर्गीकरण करताना हा अर्थभेद लक्षात न घेतल्यास भजी-पावाची टपरी निवासाच्या यादीत जाऊन बसते.

‘खानावळ’ किंवा ‘मेस’ येथे बहुधा ठरलेल्या वेळी ठरलेले ताट मिळते. ‘परमिट रूम’ ही पाटी मद्यविक्रीचा परवाना दर्शवते, म्हणून ‘फॅमिली रूम’ वेगळी आहे की नाही ही माहिती कुटुंबासाठी महत्त्वाची असते. घृष्णेश्वरासारख्या तीर्थस्थळी भक्तनिवास व धर्मशाळा असतात आणि त्यांचे नियम लॉजपेक्षा वेगळे असतात. शहरातील सुभेदारी विश्रामगृह हे शासकीय आहे आणि अशा विश्रामगृहांत शासकीय पाहुण्यांना प्राधान्य असते. त्याची नोंद ‘स्वस्त व मध्यवर्ती’ एवढ्याच शब्दांत करणे दिशाभूल करणारे ठरते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची (स्थापना १९७५) पर्यटक निवासे हा आणखी एक वर्ग. राज्याच्या निवास व न्याहारी योजनेखाली नोंदवलेली घरे हा त्यापुढचा.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी प्रवासपुस्तकांत, विशेषतः मरे यांच्या हस्तपुस्तिकांत, मुक्कामाच्या माहितीत प्रवासी बंगल्यांना मोठे स्थान होते. या बंगल्यांत अभिप्राय व तक्रारींची वही ठेवली जाई. खानसाम्याच्या स्वयंपाकापासून खाटेतील ढेकणांपर्यंतचे शेरे तिच्यात असत आणि ते वरिष्ठ अधिकारी वाचीत. आजच्या ग्राहक-अभिप्रायांचा पूर्वज शोधायचाच तर तो या वहीत सापडतो. फरक इतकाच की शेरा लिहिणारा तेथे खरोखर राहिलेला असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून येणारी रेल्वे सुरू झाल्यावर लेणी पाहणाऱ्यांची संख्या वाढली, आणि निजामाच्या राज्य रेल्वेने पुढे येथे स्वतःचे हॉटेल चालवले.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय पर्यटन विकास महामंडळाने येथे ‘औरंगाबाद अशोक’ चालवले. निर्गुंतवणुकीच्या धोरणानुसार २००२ मध्ये ते खाजगी मालकीत गेले. ताज समूहाचे येथील हॉटेल पूर्वी ‘ताज रेसिडेन्सी’ होते, ते नंतर ‘विवांता’ झाले. मोठ्या, सर्वपरिचित आस्थापनांची ही गत असेल तर रेल्वेस्थानक रस्त्यावरील लहान लॉजांच्या बाबतीत नोंदी किती लवकर शिळ्या होत असतील याची कल्पना करता येते. मार्च २०२० पासून लेणी अनेक महिने बंद राहिली, त्या काळात कित्येक व्यावसायिकांनी गाशा गुंडाळला. त्यांच्या नोंदी मात्र मागे राहिल्या.

दर, वेळ आणि तारीख

नोंदीतील सर्वांत नाशवंत भाग दर हा होय. त्यात मालकाच्या मर्जीखेरीज कराचाही वाटा असतो. १८ जुलै २०२२ पूर्वी दिवसाला १,००० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर वस्तू व सेवा कर नव्हता. त्या दिवसापासून अशा खोल्यांवरही १२ टक्के कर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील कर ५ टक्के झाला, त्यावरील खोल्यांवर १८ टक्के राहिला. म्हणजे मालकाने भाड्यात एका पैशाचाही बदल न करता २,००० रुपयांच्या खोलीचे देयक २,२४० वरून २,१०० रुपयांवर आले. ‘दर २,०००’ एवढेच लिहिलेल्या नोंदीवरून यातले काहीच कळत नाही. दर करासह आहे की कराविना, दोन माणसांचा आहे की एकाचा, आणि तो कोणत्या महिन्यात विचारला, हे तीन तपशील नसतील तर आकडा न दिलेला बरा. महाशिवरात्र व श्रावणात घृष्णेश्वरी, हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला आणि उरुसाच्या दिवसांत दर्ग्यांना मोठी गर्दी असते. त्या दिवसांत वेरूळ-खुलताबाद परिसरात नेहमीच्या दराने खोली मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

वेळेविषयीही असेच. काही लॉजांत खोली घेतल्यापासून २४ तासांचे भाडे धरतात, काहींत दुपारी १२ वाजता दिवस संपतो. पहाटेच्या गाडीने येणाऱ्यास हा फरक एका पूर्ण दिवसाच्या भाड्याएवढा पडतो, तरीही बहुतेक मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख आढळत नाही. वेरूळ लेणी मंगळवारी व अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. त्या परिसरातील उपाहारगृहांची वेळ नोंदवताना या सुट्टीच्या दिवशी ती उघडी असतात का, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते. रस्तेही बदलतात. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यानंतर मोटारीने येणारे माळीवाडा वा सावंगी येथून शहराकडे वळतात. जुन्या नोंदींतील ‘नाशिक रस्त्याने येताना डावीकडे’ अशा खुणा त्यांच्या उपयोगाच्या नाहीत.

‘विकिव्हॉयेज’ या मुक्त प्रवासमार्गदर्शिकेत (विकिमिडिया प्रकल्प म्हणून आरंभ १५ जानेवारी २०१३, हिंदी व बंगाली आवृत्त्याही आहेत) प्रत्येक नोंदीच्या साच्यात शेवटच्या तपासणीच्या तारखेसाठी वेगळा रकाना आहे. हा रकाना लहान असला तरी वाचकाला नोंदीचे वय सांगणारा तोच एक भाग असतो. टंकलेखनातील चूक दुरुस्त करून तारीख बदलणे हा मात्र त्याचा गैरवापर होय. माहिती पुन्हा तपासली असेल तरच तारीख बदलावी.

पडताळणीची साधने

प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. तथापि प्रत्येक ठिकाणी जाणे शक्य नसते, तेव्हा काही सार्वजनिक साधने उपयोगी पडतात. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार खाद्यव्यवसायास परवाना किंवा नोंदणी आवश्यक असून तिचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून तो देयकावरही छापणे बंधनकारक आहे. पहिला अंक १ असल्यास परवाना, २ असल्यास नोंदणी. पुढील दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्रासाठी ते १५, तर केंद्रीय परवान्यासाठी ००. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला असता आस्थापनेचे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसते. हॉटेल अस्तित्वात आहे आणि ते कोणाच्या नावावर आहे एवढेच यावरून सिद्ध होते. भाजी शिळी आहे की ताजी, हे क्रमांक सांगत नाही.

तारांकनाच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलांची पाहणी करून एक ते पाच तारे व त्यावरील श्रेणी देते. हे वर्गीकरण ऐच्छिक असून पाच वर्षांसाठी वैध असते. आरक्षण संकेतस्थळांवर दिसणारे तारे पुष्कळदा या वर्गीकरणाचे नसतात, ते त्या संकेतस्थळाने किंवा खुद्द हॉटेलाने लावलेले असतात आणि ग्राहकांच्या गुणांकनाचे तारे पुन्हा निराळेच. नोंदीत ‘तीन तारांकित’ असे लिहिताना तारे कोणी दिले ते लिहिणे, नाहीतर तारे वगळणे, हाच प्रामाणिक मार्ग आहे.

परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्यास कळवणे निवासचालकांवर बंधनकारक आहे. ही व्यवस्था नसलेले लहान लॉज परदेशी प्रवाशांना दारातूनच परत पाठवतात. जागतिक वारशाच्या गावात ‘परदेशी पाहुण्यांना प्रवेश आहे’ हे चार शब्द म्हणूनच खोलीच्या रंगवर्णनापेक्षा मोलाचे ठरतात.

प्रसिद्धीपर मजकूर व बनावट अभिप्राय

नोंद लिहिण्यात सर्वाधिक रस असतो तो मालकाला. त्याने स्वतः माहिती पुरवण्यात गैर काही नाही. क्रमांक आणि वेळ त्याच्याइतकी अचूक कोणालाच ठाऊक नसते. अडचण विशेषणांची असते. ‘मराठवाड्यातील सर्वोत्कृष्ट’, ‘घरगुती आपुलकी’, ‘पंचतारांकित अनुभव’ असे शब्द काढून टाकल्यावर नोंदीत काही उरते का, ही तिची साधी परीक्षा आहे. विकिव्हॉयेजवर मालकास स्वतःच्या आस्थापनेची नोंद करता येते. मात्र भाषा जाहिरातीची असू नये आणि एका जागेची एकच नोंद असावी असे तेथील संकेत आहेत. एका यादीत साधारणपणे पाच ते नऊ नोंदी असाव्यात असाही दंडक आहे, कारण साठ हॉटेलांची यादी प्रवाशाला निवड करू देत नाही, ती निवड पुन्हा त्याच्याच गळ्यात घालते.

अभिप्रायांना पैशाचे मोल आहे. अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिॲटल शहरातील उपाहारगृहांच्या अभ्यासावरून दाखवले की गुणांकनातील एका ताऱ्याच्या वाढीमुळे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ साखळी उपाहारगृहांत नव्हे तर स्वतंत्र उपाहारगृहांत दिसते. २०१७ मध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने लंडनमधील आपल्या बागेतील पडवीला उपाहारगृह म्हणून नोंदवले आणि मित्रांकडून लिहवून घेतलेल्या अभिप्रायांच्या जोरावर ते ‘ट्रिपॲडव्हायझर’वर त्या शहरात पहिल्या क्रमांकावर नेले. तेथे कोणीही कधी जेवलेले नव्हते. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आंतरजालीय अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक जाहीर केले. अभिप्राय देणाऱ्याची ओळख पटवणे, विकत घेतलेले अभिप्राय न छापणे अशा अपेक्षा त्यात आहेत, पण त्याचे पालन ऐच्छिक ठेवण्यात आले.

उलट बाजूचा धोका बदनामीचा. शेजारच्या स्पर्धकाने टाकलेला ‘झुरळ सापडले’ हा शेरा तपासाविना उतरवून घेतल्यास चार माणसांच्या संसारावर चालणारी खानावळ बसू शकते. त्यामुळे वाईट जागेची निंदा करण्यापेक्षा ती यादीत न घेणे, ही रीत जाणते संपादक पाळतात.

बदललेले दूरध्वनी क्रमांक

खोट्या विशेषणापेक्षा खोटा क्रमांक अधिक घातक असतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये आंतरजालीय नकाशावरील बँकशाखांच्या नोंदींत भामट्यांनी स्वतःचे क्रमांक घातल्याचे आणि त्यावर दूरध्वनी करणाऱ्या ग्राहकांकडून गुप्त माहिती काढल्याचे प्रकार उघडकीस आले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने तीर्थयात्री व पर्यटकांना बनावट आरक्षण संकेतस्थळांविषयी सावध केले. हॉटेले आणि अतिथिगृहे यांच्या नावाने आगाऊ रक्कम घेतली जाते व मुक्कामी पोहोचल्यावर तेथे आरक्षणच नसल्याचे कळते, असे त्याचे स्वरूप असते. ज्या मार्गदर्शिकेत कोणालाही बदल करता येतो, तेथे क्रमांकातील बदल हा सर्वांत आधी तपासण्याजोगा बदल होय. शहराचा स्थिर दूरध्वनीचा संकेतांक ०२४० आहे. त्याने सुरू होणाऱ्या जुन्या क्रमांकाच्या जागी अचानक भ्रमणध्वनी क्रमांक आला, तर आधी जुन्या क्रमांकावर विचारावे, नाहीतर पाटीवरील किंवा देयकावरील क्रमांकाशी ताडून पाहावे. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्यवाहिनीवर त्वरित तक्रार नोंदवता येते.

जुन्या शहरातील खाद्यस्थाने

नोंदींतील चुकांइतकीच त्यांतील पोकळीही बोलकी असते. मार्गदर्शिकांच्या भोजनयाद्यांत जालना रस्ता, सिडको व निराला बाजार येथील वातानुकूलित उपाहारगृहे भरपूर असतात. बुढ्ढी लेन, रोशन गेट, शहागंज, गुलमंडी या जुन्या वस्त्यांतील दुकाने क्वचितच दिसतात. कारण उघड आहे. ज्यांचे संकेतस्थळ आहे, इंग्रजी भोजनपत्रिका आहे आणि छायाचित्रे आहेत त्यांची नोंद आपोआप होते.

नान-खलिया हा या शहराची ओळख ठरलेला पदार्थ. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली तेव्हा सैन्याच्या मुदपाकखान्यातून तो इकडे आला, असे परंपरेने सांगितले जाते. मोठ्या देगेत शिजलेला मटणाचा लाल तर्रीदार रस्सा आणि भट्टीतला नान असे त्याचे रूप असते. तो विकणाऱ्या जुन्या दुकानांना ठरावीक घड्याळ नसते. देग रिकामी झाली की दुकान बंद. रमजानमध्ये दिवसाचा क्रम उलटतो आणि रस्त्यावरची गर्दी रात्री उसळते. अशा दुकानाची नोंद ‘सकाळी ११ ते रात्री ११’ या साच्यात बसवली की ती खोटी होते. ‘दुपारी लवकर जावे, संपल्यावर मिळत नाही, रमजानमध्ये सूर्यास्तानंतर’ असे लिहिले की खरी होते. पाटीच नसलेल्या दुकानासाठी जवळची मशीद, दरवाजा किंवा चौक यांची खूण द्यावी लागते. सामिष-निरामिष, हलाल, जैन जेवण यांविषयीची माहिती दुकानदाराला विचारूनच लिहावी. वस्तीवरून ती ताडू नये.

नोंद वगळणे

बंद पडलेल्या आस्थापनेची नोंद ‘सध्या बंद’ अशी टीप लावून वर्षानुवर्षे ठेवण्याची सवय अनेक याद्यांत दिसते. नूतनीकरणासाठी बंद असलेल्या व पुन्हा उघडण्याचा दिवस जाहीर केलेल्या हॉटेलापुरती ती योग्य आहे. एरवी दोन वेगवेगळ्या दिवशी क्रमांक लागला नाही, परवाना संपलेला आढळला आणि शेजारच्या दुकानदाराने जागा उठल्याचे सांगितले, तर नोंद काढावी व काढण्याचे कारण चर्चापानावर तारखेसह लिहावे. त्याच जागी नव्या नावाने दुसरे हॉटेल उघडले असल्यास जुन्या नोंदीचे केवळ नाव बदलू नये. जुन्या स्वयंपाक्याची कीर्ती नव्या मालकाच्या खाती त्यामुळे जमा होते. अशा वेळी पत्ता तेवढा कायम ठेवून बाकीची नोंद नव्याने लिहिली जाते.